अंदाजपत्रकातील तिसरा रकाना

अंदाजपत्रक म्हटले की जमा आणि खर्च हे दोन रकाने डोळ्यांपुढे येतात. घरपट्टी व पाणीपट्टी किती वसूल होईल, अनुदान किती मिळेल, दिवाबत्तीस किती लागेल, रस्त्यास किती लागेल, याचा मेळ घालून अखेरची शिल्लक काढली की हिशोब पुरा झाला असे सामान्यतः मानले जाते. पैशाच्या दृष्टीने तो पुरा होतोही. परंतु त्याच खर्चामुळे गावाच्या विहिरींचे पाणी वाढणार की आटणार, हवेत धूर अधिक जाणार की कमी, आणि पुढच्या अतिवृष्टीत किंवा अवर्षणात गाव तग धरणार की नाही, हे त्या दोन रकान्यांतून कळत नाही. ते कळावे म्हणून जगातील काही नगरपालिकांनी व प्रांतिक शासनांनी अंदाजपत्रकात तिसरा रकाना आखण्यास आरंभ केला आहे. या पद्धतीस हरित अंदाजपत्रक किंवा हवामान अंदाजपत्रक असे म्हणतात.

नावामुळे आरंभीच एक गैरसमज होतो. हरित म्हणजे झाडे, तेव्हा वृक्षारोपणाच्या शीर्षाखाली दोन पैसे जास्त घातले की अंदाजपत्रक हिरवे झाले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः हरित अंदाजपत्रकात नवा पैसा येत नाही आणि नवे शीर्षही असावेच लागते असे नाही. जो पैसा खर्च व्हावयाचाच आहे तो एका निराळ्या बाजूने वाचावयाचा, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपला वर्षाचा खर्च वहीत लिहून काढावा आणि प्रत्येक ओळीपुढे "याने जमीन सुधारली", "याने जमीन झिजली" किंवा "याचा जमिनीशी संबंध नाही" असे प्रामाणिकपणे नोंदवावे, तसाच हा प्रकार आहे. नांगरटीचा खर्च तोच राहतो. परंतु उताराला आडवी नांगरट केली की उभी, हा प्रश्न आता विचारला जातो.

ग्रामपंचायतींना ही रीत अगदीच परकी वाटू नये. स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, व ती झाली की नाही हे तपासलेही जाते. म्हणजे एकाच खर्चाकडे निराळ्या कसोटीने पाहण्याची सवय आपल्या दप्तराला आहेच. येथे कसोटी हवामानाची आहे.

हवामानाचा प्रश्न अंदाजपत्रकात का आणावा?

कोळसा, डिझेल, पेट्रोल यांच्या ज्वलनाने कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत साठत जातो व पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधले खंड लांबतात. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. महाराष्ट्राला दोन्ही टोकांचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले.

अशा प्रसंगी होणारा खर्च हा शेवटी सार्वजनिक तिजोरीतूनच होतो. वाहून गेलेला पूल पुन्हा बांधावा लागतो, टँकर लावावे लागतात, पिकांच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. तेव्हा आज खर्च होणारा रुपया उद्याचा हा खर्च कमी करतो की वाढवितो, हा प्रश्न केवळ निसर्गप्रेमाचा नसून हिशोबाचा आहे.

खर्चाचे परिणाम दोन प्रकारचे असतात, व ते वेगळे ओळखावयास शिकले पाहिजे. काही खर्चाने हवेत जाणारा वायू कमी होतो. उदाहरणार्थ, कमी विजेचे दिवे. काही खर्चाने वायू कमी होत नाही, परंतु बदललेल्या हवामानाची झळ सोसण्याचे बळ येते, उदाहरणार्थ, बांधबंदिस्ती. मोठ्या औद्योगिक शहरात पहिला प्रकार महत्त्वाचा ठरतो. कोरडवाहू गावात दुसरा.

ऑस्लोची रीत

या पद्धतीचा आरंभ नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे झाला असे म्हणावयास हरकत नाही. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहराने २०१७ सालापासून आपल्या पैशाच्या अंदाजपत्रकाचाच एक भाग म्हणून हवामान अंदाजपत्रक मांडण्यास सुरुवात केली. २००९ च्या तुलनेत २०३० पर्यंत शहरातील वायूंचे उत्सर्जन ९५ टक्क्यांनी कमी करावयाचे, असे उद्दिष्ट नगराने ठेविले आहे. उद्दिष्टे पुष्कळजण ठेवितात. ऑस्लोचे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथे पैशाला जशी मर्यादा असते तशी त्या वर्षी हवेत सोडावयाच्या वायूलाही मर्यादा धरली जाते. प्रत्येक उपायापुढे त्याने किती टन वायू कमी होईल हे लिहितात, आणि त्याच ओळीत तो उपाय अमलात आणण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची हेही लिहितात. वर्ष चालू असताना खर्चाचा अहवाल देताना टनांचाही अहवाल द्यावा लागतो. हे काम पर्यावरण खात्याच्या एका कोपऱ्यात न ठेवता वित्त खात्याच्या हाती दिलेले आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण ज्याच्या हाती किल्ली, त्याचेच सर्वजण ऐकतात.

या रीतीचा एक कटू परंतु उपयुक्त परिणाम तेथे दिसून आला. शहराच्या क्लेमेट्सरूड भागात कचरा जाळून उष्णता निर्माण करणारा मोठा कारखाना असून शहरातील वायूचा तो सर्वांत मोठा एकच स्रोत आहे. त्याच्या धुराड्यातील वायू पकडून समुद्रतळाखाली साठविण्याची योजना होती. खर्च अंदाजाबाहेर गेल्यामुळे २०२३ मध्ये ते काम थांबविण्यात आले. एरवी अशी गोष्ट एखाद्या अहवालाच्या शेवटच्या पानावर दडून राहिली असती. परंतु टनांचा हिशोब दरवर्षी मांडावयाचा असल्यामुळे एवढा मोठा आकडा गळाला तर ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट हाती लागणार नाही, हे कोणासही झाकता येईना. २०२५ च्या आरंभी खर्चाची नवी व्यवस्था लावून काम पुन्हा हाती घेण्यात आले. हिशोबाने यश मिळतेच असे नाही. परंतु अपयश वेळीच उघडे पडते.

फ्रान्समध्ये आणखी एक सुधारणा झाली. तेथील काही नगरांनी खर्चाच्या प्रत्येक बाबीस अत्यंत अनुकूल, काहीशी अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल व अनिश्चित अशा वर्गांत बसविण्याची पद्धत घेतली. २०२४ च्या वित्त कायद्याने ३,५०० हून अधिक वस्तीच्या स्थानिक संस्थांना आपल्या हिशोबासोबत अशा प्रकारचे जोडपत्र देणे बंधनकारक केले. साडेतीन हजार वस्ती म्हणजे आपल्याकडील एक बऱ्यापैकी मोठे गाव होय. तेव्हा हे काम महानगरांचेच आहे असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईचा हिशोब आणि शहापूरची तहान

भारतात ओडिशा व बिहार या राज्यांनी २०२० मध्ये अनुक्रमे हवामानाचे व हरित असे अंदाजपत्रक स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने मांडले. योजनेच्या एकूण खर्चापैकी किती हिस्सा पर्यावरणाशी वा हवामानाशी निगडित आहे हे ठरवून त्याची बेरीज करावयाची, असे या कामाचे स्वरूप आहे.

शहरांमध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०३० पर्यंत उत्सर्जनात ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य, असे टप्पे त्यात आहेत. त्याच्या आधाराने ५ जून २०२४ रोजी महानगरपालिकेने आपला पहिला हवामान अंदाजपत्रक अहवाल मांडला. २०२४-२५ च्या सुमारे ३१,७७५ कोटी रुपयांच्या भांडवली खर्चापैकी सुमारे १०,२२४ कोटी, म्हणजे ३२ टक्के, रक्कम हवामानाशी संबंधित कामांवर असल्याचे त्यात दाखविण्यात आले.

आकडा मोठा आहे व तो मांडला गेला हे चांगलेच झाले. तथापि असा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. शंभरांपैकी बत्तीस रुपये अनुकूल कामांवर गेले, एवढेच तो सांगतो. उरलेल्या अडुसष्टांपैकी किती तटस्थ आणि किती प्रतिकूल, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. एका हाताने खत घालावे आणि दुसऱ्या हाताने बांध फोडावा, तर केवळ खताची पावती दाखवून शेत सुधारले असे म्हणता येणार नाही.

मुंबईच्या या हिशोबाशी ग्रामीण भागाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध पाण्याचा आहे. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते व त्यातील बहुतेक सर्व भातसा, वैतरणा, तानसा आदी जलाशयांतून, म्हणजे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून येते. भातसा व तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. तेव्हा शहराच्या अंदाजपत्रकात गळक्या नळांची दुरुस्ती व सांडपाण्याचा पुनर्वापर यांस किती रक्कम ठेविली, ही बाब शहापूरच्या पाड्यावरील स्त्रीच्या डोक्यावरील हंड्यापर्यंत जाऊन पोहोचते. शहराने वाचविलेले पाणी आपोआप पाड्याला मिळते असे नाही, हे खरे; परंतु शहराची तहान वाढतच गेली तर पाड्याच्या वाट्याचा विचारही कोणी करणार नाही.

मीनंगाडी ग्रामपंचायतीचा प्रयोग

ग्रामपंचायतीने स्वतःच्या बळावर असा हिशोब मांडल्याचे उदाहरण केरळमध्ये पाहावयास मिळते. वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी हे कॉफी, मिरी व भात पिकविणारे गाव आहे. जितका वायू गावातून हवेत जातो तितका गावातील झाडे व माती यांनी परत शोषून घ्यावा, अशा प्रकारची समतोल स्थिती गाठण्याचा संकल्प या ग्रामपंचायतीने २०१६ मध्ये केला. पहिले काम मोजणीचे. वाहने, वीज, जळण, शेती, जनावरे, कचरा यांचा हिशोब केला असता वर्षाला सुमारे ३३ हजार टन वायू हवेत जातो आणि गावातील झाडे व माती त्यातील बराचसा शोषून घेत असली तरी सुमारे ११ हजार टन अधिक उरतो, असे निष्पन्न झाले. गावाच्या अंदाजपत्रकात तूट पडावी तशी ही तूट होती.

ती भरून काढण्यासाठी योजिलेल्या उपायांपैकी एक उपाय शेतकऱ्यांनी विशेष लक्ष देण्याजोगा आहे. नड आली की शेतकरी बांधावरचे झाड विकतो, ही गोष्ट केरळातही तशीच आहे. म्हणून झाड तोडण्याऐवजी ते तारण ठेवावे अशी व्यवस्था करण्यात आली. राज्य शासनाने १० कोटी रुपयांची ठेव तेथील सहकारी बँकेत ठेविली व तिच्या व्याजातून, लावलेल्या प्रत्येक झाडामागे वर्षाला ५० रुपये याप्रमाणे दहा वर्षे बिनव्याजी कर्ज देण्याचे ठरले. झाड उभे आहे तोवर कर्ज फेडण्याचा तगादा नाही. तोडले तर परतफेड करावी लागते. यातील रक्कम लहान आहे. शंभर झाडांमागे वर्षाला पाच हजार रुपये म्हणजे काही मोठे उत्पन्न नव्हे, व इमारती लाकडाच्या भावाशी त्याची तुलना केल्यास शेतकरी मोहात पडणारच नाही असेही नाही. परंतु झाड उभे ठेवणे हेही एक काम असून त्याला मोल असले पाहिजे, हे एका ग्रामपंचायतीच्या कारभारात प्रथमच कागदावर आले असे म्हणता येईल.

आपल्या गावाच्या कागदावर

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियान सुरू असून भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण दिले जातात. गुणांसाठी केलेले काम आणि अंदाजपत्रकात केलेली तरतूद यांची सांगड मात्र फार थोड्या गावांत घातली जाते. निधीच्या बाजूने पाहता, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग स्वच्छता, पिण्याचे पाणी व पर्जन्यजलसंधारण यांस बांधून दिला होता. म्हणजे पुष्कळ गावांच्या खर्चात हिरवा भाग आधीपासूनच आहे. त्याची गणती तेवढी झालेली नाही.

ती कशी करावी हे एका कल्पित गावाच्या उदाहरणाने पाहू. समजा, गावात रस्त्यावरील शंभर दिवे आहेत व जुन्या नळ्या काढून नवे एलईडी दिवे बसवावयाचे आहेत. जुनी नळी तिच्या चोकसह साधारण ५० वॅट वीज घेते व नवा दिवा २० वॅट. दिव्यामागे ३० वॅट, म्हणजे शंभर दिव्यांमागे ३ किलोवॅटची बचत झाली. रात्री अकरा तास दिवे जळाले तर दररोज ३३ युनिट व वर्षाला सुमारे १२ हजार युनिट वीज वाचेल. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास वायू हवेत जातो. त्या हिशोबाने आठ टनांहून अधिक वायू वाचला. तिसऱ्या रकान्यात "अनुकूल, वर्षाला ८ टन, वीजबिलात १२ हजार युनिटची बचत" अशी नोंद करावी. ही नोंद सोपी आहे, कारण येथे पैसा आणि हवा दोन्ही एकाच बाजूला आहेत.

सिमेंटच्या रस्त्याची नोंद तितकी सोपी नाही. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक वायू हवेत जातो. शिवाय गल्लीबोळ सिमेंटने मढविले की पावसाचे पाणी मुरावयास जागा उरत नाही. ते वेगाने धावते व खालच्या आळीत शिरते. म्हणून ही बाब प्रतिकूल म्हणून नोंदविणे प्राप्त आहे. परंतु प्रतिकूल म्हणजे वर्ज्य नव्हे. ज्या वस्तीतून पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून चिखलातून न्यावे लागते, तेथे रस्ता झालाच पाहिजे. मात्र प्रतिकूल अशी नोंद झाली की ग्रामसभेत पुढचा प्रश्न निघतो : सर्व बोळांना सिमेंट हवे, की मुख्य रस्त्यालाच? कडेची गटारे नदीत सोडावयाची, की शोषखड्ड्यात व गावतळ्यात? रस्त्याच्या अंदाजातच शोषखड्ड्यांचा खर्च धरावयास काय हरकत आहे? हे प्रश्न निघावेत एवढ्यासाठीच तो रकाना आहे. कंत्राटदाराला ते आवडणार नाहीत, हे गृहीत धरून चालावे.

नाव हिरवे, काम उलटे

याहून अवघड प्रकार म्हणजे नावाने अनुकूल व परिणामाने प्रतिकूल कामांचा. शेततळे हे त्याचे ठळक उदाहरण होय. ओढ्याचे किंवा शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून शेततळ्यात साठविले, तर खंडाच्या काळात एखादे संरक्षित पाणी देता येते व पीक हातचे जात नाही. अशा शेततळ्याची नोंद निःशंकपणे अनुकूल करावी. परंतु कित्येक ठिकाणी शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर लावून ते विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेले, सर्वांच्या मालकीचे पाणी वीज खर्चून वर आणावयाचे व उन्हात उघड्यावर ठेवावयाचे, असा हा उलटा व्यवहार आहे. त्यातील कितीतरी पाणी वाफ होऊन जाते, आणि शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी कोरडी पडते. ज्याच्याजवळ तळे त्याची फळबाग तरते हे खरे. परंतु गावाच्या हिशोबात ती शिल्लक नसून उचल आहे. कागदावर मात्र दोन्हींचे नाव शेततळेच.

नाला खोलीकरणाचेही तसेच आहे. साचलेला गाळ काढला तर पाणी मुरते व गाळ शेतात घातल्याने जमीन सुधारते. परंतु यंत्र हाताशी आहे म्हणून पात्र वाटेल तितके खोल व रुंद खणत गेल्यास आजूबाजूच्या विहिरींचे पाणीच नाल्यात झिरपू लागते. म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्याने केवळ कामाचे नाव पाहून शेरा देऊ नये. पाणी कोठून येणार, कोठे मुरणार आणि कोण उपसणार, ही विचारपूस शिवारात उभे राहून केल्यावाचून तिसरा रकाना भरूच नये.

पाण्याचा ताळेबंद

हा रकाना खरा ठरावा यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद प्रथम हाती असावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने ही प्रथा कित्येक वर्षे पाळली आहे. पावसाळा संपला की पडलेला पाऊस व विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढावयाचे, प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूस ठेवावयाचे, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके किती क्षेत्रात घ्यावयाची हे ग्रामसभेने ठरवावयाचे, असा तेथील क्रम आहे. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास व उसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकास तेथे ग्रामसभेनेच आवर घातला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावनिहाय पाण्याचा ताळेबंद हाच आराखड्याचा पाया धरला गेला.

ताळेबंदाचे गणित कठीण नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. समजा, गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर असून पाऊस ५०० मिलिमीटर झाला. तर गावात ४०० कोटी लिटर पाणी पडले. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. त्यातील मोठा भाग पिकांना व बाष्पीभवनास लागतो, काही वाहून जातो, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात बहुधा दहावा हिस्साही भूजलात जात नाही. आठ टक्के धरल्यास ३२ कोटी लिटर उरतात. गावाची वस्ती दोन हजार व दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पिण्यास व घरवापरास लागतील. आठशे जनावरांना दीड कोटी. राहिले साडेसव्वीस कोटी. बंधाऱ्यांत पाणी साठत असेल तर ते यात निराळे मिळवावे.

आता या साडेसव्वीस कोटींचे काय करावयाचे? पावसाचा भाग वजा जाता उसाला हेक्टरी दीड ते दोन कोटी लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे तेरा ते सतरा हेक्टर ऊस लागला की गावाचे भूजल संपले. तेच पाणी रब्बी ज्वारीस दोन संरक्षित पाळ्यांनी, हेक्टरी १५ लाख लिटर याप्रमाणे दिले तर सुमारे पावणेदोनशे हेक्टरांस पुरते. पाचसात घरांचा ऊस की दीडशे घरांची ज्वारी व कडबा, असा हा रोकडा प्रश्न आहे. ऊस लावणारा शेतकरी दोषी आहे असे यात सुचवावयाचे नाही. त्याला खात्रीचा भाव मिळतो म्हणून तो ऊस लावतो, आणि ज्वारीला तशी खात्री जोवर नाही तोवर नुसत्या उपदेशाने त्याचे मन वळणार नाही. परंतु ग्रामपंचायतीने तीन लाख रुपये खर्चून बंधाऱ्याचा गाळ काढावा, अंदाजपत्रकात त्यापुढे अनुकूल असे लिहावे, आणि त्याने वाढलेले पाणी दोन नव्या कूपनलिकांनी एका हंगामात उपसून न्यावे, असे घडले तर त्या नोंदीस काय अर्थ राहिला? आडात नाही तर पोहोऱ्यात कोठून येणार?

कामास आरंभ केव्हा करावा?

गावाचा विकास आराखडा करण्याचे काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. पावसाळा नुकताच सरलेला असतो व विहिरींची पातळी तेव्हाच मोजावयाची असते, म्हणून तिसऱ्या रकान्यासाठी हीच वेळ योग्य होय. शासनाच्या ठराविक नमुन्यात हा रकाना नाही. त्यासाठी नमुन्यात खाडाखोड करू नये. अंदाजपत्रकासोबत एक साधा कागद जोडावा. त्यावर कामाचे नाव, रक्कम, अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल किंवा अनिश्चित असा शेरा, तो शेरा का दिला याचे एका वाक्यात कारण, आणि जबाबदार व्यक्तीचे नाव एवढे असले म्हणजे पुरे. टनांचा आकडा काढता आला तर उत्तम. न आला तर ओढून ताणून काढू नये. विहिरींच्या बाबतीत मात्र आकडा हवाच. गावातील पाचसहा निरनिराळ्या ठिकाणच्या विहिरी निवडून त्यांच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली ऑक्टोबरमध्ये व पुन्हा मे महिन्यात दोरीने मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी.

शेरा देताना ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, त्यांनी एकट्याने टेबलाशी बसून तो देऊ नये. महिला ग्रामसभेत हा कागद अवश्य वाचून दाखवावा. कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, कोणत्या बोळात पावसाचे पाणी घरात शिरते व कोणता हातपंप नावापुरता आहे, हे पाणी भरणाऱ्या स्त्रियांना अचूक ठाऊक असते. पहिल्या वर्षी पुष्कळ बाबींपुढे अनिश्चित हाच शेरा पडेल. तो तसाच राहू द्यावा, व पुढील ऑक्टोबरात विहिरींची दोरी पुन्हा सोडल्यावर त्यातील कोणत्या बाबी वर सरकतात आणि कोणत्या खाली, हे त्याच कागदावर शेजारी लिहावे.